तुमचं रोप तहानेने गेलेलं नाही

नमस्कार. एचेवेरिया, म्हणजे जाड, पाणीदार पानांचं शोभेचं रोप, त्याची कुंडी बदलण्याच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका हा सल्ला घातक आहे, तळाला खडी नको म्हणणं चूक आहे, आणि मिश्रणात विटांचे तुकडे, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) वगैरे शहरी चोचले आहेत. दोन रोपांपैकी एक गेलं आणि दुसरं जायच्या बेतात आहे, हा तुमचा पुरावा. त्या गेलेल्या रोपापासूनच सुरुवात करू, कारण त्याचं वर्णन तुम्ही फार नेमकं केलंय.

खालची पानं पिवळट, पारदर्शक झाली, हात लागताच गळाली आणि बुंधा मऊ, आतून काळा निघाला, असं तुम्ही लिहिता. ही तहान नव्हे. तहानलेल्या एचेवेरियाची खालची पानं आधी सुरकुततात, मग कागदी होऊन बुंध्यालाच चिकटून राहतात. बुंधा टणक राहतो. पान पारदर्शक होतं ते आतल्या पेशी फुटल्यावर, आणि मऊ काळा बुंधा म्हणजे सरळसरळ कूज.

कूज आली कुठून, तेही तुमच्याच प्रतिक्रियेत आहे: ‘मुळांना धक्का नको म्हणून गोळा तसाच ठेवून लावलं.’ गोळा म्हणजे मुळांना धरून राहिलेलं नर्सरीतलं मिश्रण. नर्सरीतून येणारी ही रोपं बहुतेक वेळा ठासून भरलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतात, कधीकधी आत जाळीची बारकी पिशवीही निघते. भोवती तुम्ही नवं मोकळं मिश्रण घातलंत, ते दोन-तीन दिवसांत वाळलं. मधला गोळा ओलाच राहिला. वरून कोरडं दिसतंय म्हणून सहाव्या आणि सातव्या दिवशी पाणी घातलंत, तेही ठाण्यात, जुलैमध्ये, हवाच ओली असताना. म्हणजे आठवडाभर रोप कोरडं राहिलंच नाही. उलट उन्हाळ्यात हाच गोळा एकदा कडक वाळला की पाणी आत घेत नाही. वरून घातलेलं पाणी कडेने निथळून जातं आणि रोप खरोखर तहानतं. दोन्ही बाजूंनी गोळा वाईट, म्हणून तो बोटांनी किंवा बांबूच्या काडीने हलकेच मोकळा करून काढायचाच. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो मुळांवरचा मिलीबग (पिठ्या ढेकूण). मग मुळं धुऊन सावलीत पूर्ण वाळवायची आणि जुनं मिश्रण फेकून द्यायचं.

गोळा सोडवताना बारीक मुळं तुटणारच. पाणी थांबवायचं ते या तुटलेल्या टोकांसाठी. जखम ओल्या मिश्रणात राहिली की कुजवणाऱ्या बुरशीला वाट मिळते, कोरडी ठेवली तर जखम चार ते सात दिवसांत वाळून बंद होते. ‘शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं’ असं तुम्ही लिहिलंय म्हणून शेतातलंच उदाहरण देतो: बटाट्याचं बेणं कापल्यावर काप सुकू देऊन मगच लावतात. मिरचीच्या रोपाला मात्र लावल्याबरोबर पाणी लागतं, कारण त्याच्या पानांची रंध्रं (ज्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते ती बारीक छिद्रं) दिवसा उघडी असतात आणि पातळ पानात साठा नसतो. एचेवेरिया रंध्रं मुख्यतः रात्री उघडतो आणि पानं पाण्याने भरलेली असतात, त्यामुळे निरोगी रोपाला एक आठवडा जड जात नाही. मुळं अजिबात न दुखावता रोप हललं असेल तर हा नियम लागू नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पाणी दिलंत तरी चालेल.

आता खडी. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळी, इतकंच हवं, म्हणजे माती वाहून जात नाही. दोन इंच खडीचा थर घातला की पाणी लवकर निघतं हा गैरसमज आहे. बारीक कणांच्या मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत तोवर उतरत नाही, जोवर वरचा थर तुडुंब भिजत नाही. कुंडीच्या तळाशी राहणारा ओला पट्टा खडीमुळे नाहीसा न होता दोन इंच वर सरकतो, म्हणजे थेट मुळांपाशी. चार इंचाच्या कुंडीत हे फार महागात पडतं.

चोचल्यांबद्दल म्हणाल तर प्युमिस विकत घ्यायची सक्ती कुणीच करत नाही. पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे छान चालतात. हरभऱ्याहून मोठे नकोत, मोहरीहून बारीक नकोत. भुकटी चाळून टाका. मिश्रण घट्ट बसतं ते तिच्यामुळेच. प्रमाण असं: दोन मापं विटेचे तुकडे, एक माप चाळून धुतलेली जाड वाळू, एक माप पूर्ण कुजलेलं पानांचं किंवा गांडूळखत. लाल माती घालायचीच असेल तर खताचं माप अर्धं करून उरलेलं अर्धं तिचं, त्याहून जास्त नको. काळी माती चिमूटभरही नको. ती ओलीने फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते आणि त्यात बारीक मुळं तुटतात. कुंडी जुनीपेक्षा एखादा इंचच मोठी, मातीची, भोक असलेली. बुंधा आधी होता तितकाच गाडा. खालची पानं मिश्रणाला टेकली की तिथूनच सडायला लागतात.

पानांवरचा पांढरा मेणासारखा थर बोटांनी पुसू नका, पुसलेल्या पानावर तो परत येत नाही. नीमतेल फवारूनही तो जातो, त्यामुळे ‘आठवड्याला नीमतेल’ हा सरसकट सल्ला इथे विसरा.

दुसऱ्या रोपाचं आजच बघा. बुंधा दाबा. टणक असेल तर कुंडीतून काढा, गोळा सोडवा, चार दिवस कोरडं ठेवा. मऊ असेल तर स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरचा पानांचा गुच्छ कापा आणि कापाचा रंग बघा. तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर आणखी वर कापा, काप स्वच्छ फिका दिसेपर्यंत. हळद लावायची तर लावा, पण काम वाळण्याने होतं. तीन ते पाच दिवस सावलीत वाळवून कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा. साधारण दोन ते चार आठवड्यांत मुळं दिसतील. दिसली की पहिलं पाणी.

पहिलं पाणी चमचाभर नाही, खालून निथळेपर्यंत द्या, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. पुढचं कधी, हे कॅलेंडर सांगणार नाही: बांबूची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा, ओली किंवा गार लागली तर थांबा. पहिले दहा-पंधरा दिवस उजेडाची सावली, मग सकाळचं तासभर ऊन, पुढे हळूहळू वाढवा. एकदम गच्चीवर नेलंत तर पानांवर तपकिरी डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. खत दोन महिने नको. पावसाळ्यात रोप छपराखाली, वारा खेळेल तिथे ठेवा.

खरं तर कुंडी बदलायला आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जुलैत कूज दिसली तरच हात घालावा, आणि तुमच्या दुसऱ्या रोपाबाबत आता तेच करावं लागणार आहे.

गेलेल्या रोपाची माती पुन्हा वापरू का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. खत आणि वाळू टाकून द्या. विटेचे तुकडे वेगळे काढा, उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा, ते पुन्हा चालतात.