बैकलच्या तळाशी भुयार नाही

सैबेरियातल्या बैकल सरोवराबद्दल एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: जगातलं २० टक्के गोडं पाणी एकट्या बैकलमध्ये आहे, तळाशी आर्क्टिक महासागरापर्यंत भुयार आहे, सील त्यातूनच आले, पाणी आपोआप शुद्ध होतं म्हणून प्रदूषण अशक्य, आणि मासे कितीही पकडा, संपत नाहीत.

पहिला दावा अर्धाच खरा. जमिनीवरच्या, न गोठलेल्या गोड्या पाण्याचा पाचवा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, तिथे आहे. हिमनद्या नि भूजल हिशेबात धरलं, तर मात्र एक टक्काही भरत नाही.

भुयाराची तर गंमतच. बैकलचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४५५ मीटर उंचावर आहे. खाली समुद्रापर्यंत भोक असतं तर हे पाणी वर कशाला थांबलं असतं? खोली १,६४२ मीटर, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही बराच खाली; तिथे जे उरलं असतं ते खारट असतं. नेर्पा हा इथला सील आर्क्टिकच्या रिंग्ड सीलचा भाऊबंद. त्याचे पूर्वज फार पूर्वी नद्यांच्या वाटेने आले असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात. तो मुख्यतः गोलोम्यांका खातो: बिनखवल्यांचा, जवळजवळ आरपार दिसणारा तेलकट मासा, जो अंडी न घालता थेट पिल्लं देतो. चमत्कारच सांगायचा होता, तर हा होता की!

पाणी गाळणारा एपिशुरा हा इवलासा जीव खरा आहे. पण तो शेवाळ नि जिवाणू खातो, कारखान्याची रसायनं नाही. बैकाल्स्कच्या कागद-लगदा कारखान्याचं पाणी १९६६ पासून २०१३ पर्यंत याच सरोवरात जात होतं. आता वस्त्यांच्या सांडपाण्यावर पोसलेलं स्पायरोगायरा शेवाळ लिस्तव्यांकासारख्या किनाऱ्यांवर चिकट थरांनी साचतं, उथळ पाण्यातले स्पंज मरताहेत. बाहेर जाणारी नदी एकच, अंगारा. सगळं पाणी बदलायला तीनशेहून जास्त वर्षं लागतात. आत गेलेली घाण कुठे जाणार?

राहिले मासे. ओमुल हा बैकलचा खास मासा इतका घटला, की ऑक्टोबर २०१७ पासून त्याच्या व्यावसायिक मासेमारीवर बंदी आली. १९६९ मध्येही आली होती. ओमुलला अंडी घालण्याजोगं व्हायला काही वर्षं लागतात, आणि शरदात तो सेलेंगासारख्या नद्यांत चढतो तेव्हाच चोरटी जाळी त्याला गाठतात, पोटात गाभोळी असताना.