झटपट टूलपोस्ट, फक्त तीन आठवड्यांत

कोल्हापुरात लेथ, म्हणजे धातू गोल फिरवून कापायचं यंत्र, फुटांत मोजतात. साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी. उद्यमनगरातल्या एका टपरीवर चहा पिताना मी एकदा "माझ्याकडंपण लेथ आहे" असं बोलून गेलो. शेजारच्यानं लगेच विचारलं, "किती फुटी?"

"चौदा इंची."

त्यानं बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट बघितलं.

हा चौदा इंची लेथ आमच्या मागच्या पडवीत, आईच्या धान्याच्या कोठीशेजारी असतो. वजन 40 किलो, म्हणजे कोठी भरलेली असली की तीच जड. आईनं तो आल्याच्या दिवशी चारी बाजूंनी बघून एकच प्रश्न विचारला होता, "ह्याच्यावर चटणी कांडता येती का?" नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला. मी बँकेत आहे. रविवारी पितळेची छोटी इंजिनं करतो, म्हणजे करायला घेतो.

आता दुखणं सांगतो. लेथवर टूलचं, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं, टोक जॉबच्या, म्हणजे फिरणाऱ्या तुकड्याच्या, बरोबर मध्याच्या उंचीला यावं लागतं. याला सेंटर लागणं म्हणतात. टोक वर राहिलं तर टूल कापत नाही, नुसतं घासतं आणि किंचाळतं. खाली राहिलं तर फेसिंग मारल्यावर, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापल्यावर, मधोमध एक बोंड उरतं. टूल 0.3 मिमी खाली असेल तर बोंड 0.6 मिमीचं, हिशोब अगदी चोख. टूल धरून ठेवतो तो टूलपोस्ट. जुन्या चौकोनी टूलपोस्टात चार बाजूंना चार टूलं बसतात, पण उंची लावायला त्यात काहीच सोय नाही. टूलखाली पॅकिंग सारायचं, स्क्रू आवळायचे, बघायचं, सोडायचे, परत सारायचं.

त्यासाठी माझ्याकडं बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे, फट मोजायच्या फीलर गेजची सुटी पाती, पावडरच्या डब्याचा पत्रा आणि अगदी बारीक कामाला थंड पेयाच्या कॅनचा पत्रा, तो 0.1 मिमीच्या आसपास भरतो. एकदा काहीच जुळेना तेव्हा आमच्या साहेबांचं व्हिजिटिंग कार्डही लावून बघितलं. वरून दाब आला की ते दबतं. साहेबांचंही तसंच आहे.

अशा माणसानं रात्री अकरा वाजता मोबाइलवर क्विक चेंज टूलपोस्टचे व्हिडिओ बघू नयेत. मी बघितले. परदेशातला कोणी गॅरेजवाला होल्डर वरून खाली सरकवतो, दांडा फिरवतो, खट्. टूल बसलं. दांडा उलटा फिरवतो, होल्डर उचलतो, दुसरा सरकवतो, खट्. प्रत्येक होल्डरला उंचीचा स्वतःचा नट. तो एकदा लावायचा, की सेंटरची कटकट जन्मासाठी मिटली. त्यानं चार टूलं बदलली तेवढ्या वेळात मी माझ्या डब्याचं झाकणही उघडलं नसतं.

यात दोन जाती आहेत. एकीत पाचर होल्डरला आवळून धरते, ती महाग. दुसरीत आतून दट्ट्या ढकलतो, ती स्वस्त. मी दट्ट्या घेतला. मापांना नावं आहेत एएक्सए, बीएक्सए, सीएक्सए, आणि माझ्या लेथला बसणारं सगळ्यात लहान माप, शून्य-एक्सए. म्हणजे वर्गात घेतलंय, पण पटावर नाव नाही. वर्णनात लिहिलं होतं, "7 इंची मिनी लेथला बसतो." माझाच तो, सात इंच जॉबची जाडी, चौदा इंच लांबी. मराठीत बसणे या क्रियापदाला किती अर्थ आहेत, हे मला पुढच्या तीन आठवड्यांत कळलं.

खोकं आलं. तेलकट कागदात गुंडाळलेला पोस्ट, पाच होल्डर, त्यांच्यावर 250-001, 250-002 असे आकडे, आणि पाव किलोचा एक लोखंडी ठोकळा. हा टी-नट. तो आपल्या लेथच्या खाचेच्या मापानं कापून घ्यायचा असतो. माझ्या लेथच्या कंपाउंडला, म्हणजे पोस्ट ज्यावर बसतो त्या सरकत्या भागाला, खाचच नाही, 10 मिमीची खुंटी आहे. आई आता तो ठोकळा लोणच्याच्या बरणीवर ठेवते. सबंध सेटमधली पहिल्या दिवशी बिनतक्रार बसलेली वस्तू तेवढीच.

जुना पोस्ट काढला, नवा ठेवला. हललं. एका कोपऱ्यात स्प्रिंगवरची एक पिन वर आली होती, जुना पोस्ट फिरवताना ती टक्कन बसायची. काढली. परत ठेवला. चौरंगाचा एक पाय आखूड असावा तसा अजून डुगडुगतोय. खुंटीभोवती कंपाउंडवर तीनेक मिमी उंचीची एक गोल बैठक आहे. जुन्या पोस्टच्या तळाला तिच्यासाठी खळगा होता. नव्याचा तळ सपाट, म्हणजे तो त्या बैठकीवर गोमटेश्वरासारखा उभा. शिवाय पोस्टचं भोक 14 मिमी आणि खुंटी 10. आणि पोस्ट उंच असल्यामुळं खुंटी आखूड, नटाला दोनच आटे मिळतात.

खुंटी नवी आणली. हार्डवेअरवाल्यानं "कशाला पाहिजे?" विचारलं तेव्हा मी "घरी" एवढंच सांगितलं. बुश, म्हणजे भोक आणि खुंटीमधली फट भरणारी नळी, मात्र करायला हवा होता. बाहेरून 14, आतून 10. बुश करतात लेथवर. लेथवर बुश करायला टूलपोस्ट लागतो, आणि टूलपोस्ट बसवायला बुश. तेव्हा नवा काढला, जुना बसवला, पिन लावली, डबा उघडला आणि पॅकिंग सारत बसलो. पॅकिंग कायमचं बंद करणाऱ्या यंत्रासाठीचं हे शेवटचं पॅकिंग, अशी मनाची समजूत काढली. पहिला बुश 13.7 झाला. दुसरा 13.96. तिसरा करायची हिंमत झाली नाही.

राहिली बैठक. मधे भोक पाडलेली एक जाड चकती खाली घातली, की बैठक तिच्यात लपते. हा शोध मला बँकेत एका कर्जाच्या फायलीवर सही करताना लागला. शनिवारी चकती केली, पोस्ट खडकासारखा बसला. मग टूल लावून स्टीलच्या पट्टीची परीक्षा घेतली. टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यात पट्टी अलगद चिमटली आणि ती सरळ उभी राहिली, तर सेंटर लागलं. माझी पट्टी कलली. होल्डर खाली घेतला, आणखी खाली घेतला, टूल अजून वरच. चकतीनं पोस्ट वर गेला, आणि दट्ट्याचं तोंड वर गेलं की त्याची पकड होल्डरच्या कडेवर येते. नुसता हात लावला तरी होल्डर हलायला लागला. आमच्या घरातल्या सगळ्या शोधांचं असंच होतं.

एकच मार्ग उरला, पोस्टच्या तळाला खळगा मारणं. जॉब धरणाऱ्या माझ्या चकाला जबडे तीन, पोस्टला बाजू चार. मी पोस्ट पिशवीत घातला आणि उद्यमनगरात गेलो.

मामांचं शेड मला चहाच्या टपरीवरून माहीत होतं. सहा फुटी लेथ, रंग उडालेला, चाळीसेक वर्षांचा तरी असेल. मामांनी पिशवीत डोकावून बघितलं.

"हे काय हाय?"

"टूलपोस्ट, मामा. क्विक चेंज."

"हे पेपरवेटासारखं?"

त्यांनी चार जबड्यांचा चक चढवला, पोस्ट उलटा धरला, डायल लावून एकेक जबडा आवळत सुई जाग्यावर आणली. मग बोरिंगचं, म्हणजे आतून कोरायचं, टूल त्यांच्या चौकोनी पोस्टात ठेवलं. साधा, चार बाजूंचा, माझ्या जुन्यासारखाच, फक्त पाचपट मोठा. ठेवून त्यांनी ड्रॉवर ओढला. आत पत्र्याचा डबा. त्यातून हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे उचलले, बघितलंही नाही, टूलखाली सारले, स्क्रू आवळले. टेलस्टॉकच्या सेंटरजवळ, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या अणीजवळ, टूलचं टोक नेलं. बरोबर समोरासमोर. सगळं मिळून वीस सेकंदं.

"मामा, तुम्हाला असला पोस्ट नको वाटतो? टूल पटापट बदलता येतात."

"टूल कशाला बदलायचं सारखं?" मामा खरंच कोड्यात पडले होते.

पोलादाला कडकपणा होता. पहिल्या कटाला आवाज आला तसं त्यांनी टूल काढून कार्बाइडचं लावलं, दुसरे दोन तुकडे, आणि सात-आठ मिनिटांत खळगा तयार. पैसे विचारले तर हात हलवला. मग मी दुसऱ्या दिवशी भावनेच्या भरात एक गोष्ट केली. माझा बिस्किटाचा डबा, फीलरच्या पात्यांसकट, मामांना नेऊन दिला. "आता मला लागणार नाही," असंही म्हणालो. मामांनी डबा उघडला, एक पातं बोटांत धरून बघितलं आणि "बरं" म्हणाले.

त्या रविवारी पोस्ट बसला. दांडा आवळल्यावर तो बरोबर माझ्या पोटाकडं येतो, पण तो दोष कुणाचा हे सांगता येत नाही. पहिला होल्डर, नट लावला, फेसिंग मारलं. बोंड नाही. दुसरा, खट्. तिसरा, खट्. मी आईला बोलावून दाखवलं. होल्डर काढला, घातला, काढला, घातला. "बरं झालं," आई म्हणाली, "पण कापतोयस काय?"

चौथाही लागला. पाचव्याच्या खाचेचा तळ मात्र मागच्या बाजूला उतरता निघाला. स्क्रू आवळला की टूलची शेपटी खाली आणि टोक आभाळाकडं. नट कितीही फिरवा, टूल तिरकं ते तिरकंच. मागच्या टोकाखाली अर्धा-पाऊण मिमीचं काहीतरी गेलं असतं की भागलं असतं. हॅक्सॉ ब्लेड 0.65 भरतं.

सोमवारी बँकेतून परस्पर उद्यमनगरात गेलो. मामा फेसिंग मारत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी ड्रॉवर ओढला आणि माझा डबा काढून झाकण उघडलं.

"पातळ देऊ का जाड?"