अ‍ॅप म्हणालं, ‘तुम्ही पोहोचलात’

दृष्टिहीनांना पायी रस्ता सांगणाऱ्या एका नव्या अ‍ॅपची चाचणी द्यायला गेले होते. अ‍ॅप अजून बाजारात यायचंय. बनवणारी मुलं मनापासून राबतायत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण जे झालं ते लिहायलाच हवं.

एका हातात पांढरी काठी, कानाबाहेर बसून हाडांतून आवाज पोहोचवणारा बोन कंडक्शन हेडफोन, सोबतीला चाचणीची नोंद करायला वही घेतलेली एक डोळस मुलगी. पहिली दहा मिनिटं छान गेली. मग चौक आला.

चौकात मी काय करते ते सांगते, डोळस लोकांना सहसा माहीत नसतं. फुटपाथच्या कडेला काठी टेकवून थांबते. समोरून आडव्या जाणाऱ्या गाड्या थांबतात आणि माझ्या बाजूच्या, मला जायचंय त्याच दिशेच्या गाड्या एकदम सुटतात. तो सुटण्याचा आवाज म्हणजे माझा हिरवा सिग्नल. त्यातली एखादी वळत तर नाही ना, हे ऐकायला एक-दोन सेकंद मिळतात. नेमकं तेव्हाच अ‍ॅपनं तोंड उघडलं. डावीकडे बँक, पुढे औषधाचं दुकान, वीस मीटरवर वळण... मी पाऊल उचललं आणि मुलीनं माझा दंड घट्ट धरला. एक दुचाकी अगदी पुढ्यातून वळून गेली. मला ती ऐकूच आली नव्हती.

शेवटी अ‍ॅप म्हणालं, ‘तुम्ही पोहोचलात.’ काठी पुढे केली तर लोखंडी जाळी. दार कुठे ते मुलीनं सांगितलं: बारा पावलं डावीकडे. वहीत काय लिहिलंस ते वाच म्हटलं, तर ‘काम पूर्ण’! अगं, पूर्ण कुठे? एकदा तू मला वाचवलंस, एकदा दारापर्यंत नेलंस. अ‍ॅपनं काय केलं?

मोकळ्या आकाशाखालीसुद्धा मोबाइलचं जीपीएस साधारण ५ मीटर इकडेतिकडे होतं. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात, चूक वाढते. डोळस माणसाला ५ मीटरवरून दार दिसतं. माझ्यासाठी तेवढ्यात फुटपाथ संपून रस्ता सुरू झालेला असतो. याला अ‍ॅप काही करू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण फोन प्रत्येक ठिकाणासोबत आपला अंदाज किती मीटरनं चुकू शकतो तेही अ‍ॅपला कळवत असतो. मग ते माझ्यापासून का लपवायचं? ‘दार जवळपास आहे, नेमकं सांगता येत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी भिंतीच्या कडेनं काठी फिरवून मी ते शोधलं असतं. रोज तेच करते.

मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप हे दृष्टिहीनांसाठीचं अ‍ॅप २०१८ मध्ये आलं होतं. वळणावळणावर हुकूम सोडण्याऐवजी ते ठिकाणाच्या दिशेनं एक आवाज ऐकवत राहायचं, वाट आपली आपण काढायची. २०२३ मध्ये कंपनीनं ते बंद केलं, पण कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. हा विचार मला फार पटतो. चालणारी मी आहे, ठरवणारीही मीच.

इथे मात्र अ‍ॅप इतकं बोलकं का, ते नंतर गप्पांत कळलं. सुरुवातीच्या चाचण्या टीमनं स्वतःच, डोळ्यांवर पट्टी बांधून केल्या होत्या. हेतू चांगलाच होता. पण पट्टी बांधलेल्या माणसाला पहिल्या दिवसाची घाबरगुंडी कळते, माझी वीस वर्षांची सवय कळत नाही. घाबरलेल्या माणसाला सतत कुणीतरी बोलत राहावंसं वाटतं, म्हणून त्यांनी अ‍ॅपला तसंच घडवलं. आम्हाला बोलावलं ते सगळं ठरून गेल्यावर. पहिल्याच आठवड्यात बोलावलं असतं तर चौकात गप्प बसणारं अ‍ॅप कधीच तयार झालं असतं.

हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दुसरी फेरी ठेवलीय. मी त्याच चौकातून जाणार आहे. मुलगी हाताच्या अंतरावरच चालेल, गरज पडली तर मला धरेलही. पण तिनं धरलं किंवा एक शब्द जरी सांगितला, तर वहीत ‘नापास’ लिहायचं, ही माझी अट आहे.