शिक्षेविरुद्ध अपील तुरुंगातूनच करता येतं

घरातल्या कुणाला शिक्षा झाली की नातेवाइकांपर्यंत व्हॉट्सॲपवरचा एक मजकूर हमखास पोचतो. अपील मुंबईला जाऊन, स्वतःचा वकील लावूनच करावं लागतं. तीस दिवस उलटले की हक्क संपला. आणि अपील केलं तर शिक्षा वाढूही शकते. हे वाचून लोक हातपाय गाळतात. यातलं एकही विधान खरं नाही.

अपील कुठे करायचं हे शिक्षा कोणत्या कोर्टाने दिली त्यावर ठरतं. कैदी कोणत्या तुरुंगात आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायचं, सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात. आणि उच्च न्यायालय फक्त मुंबईत नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात खंडपीठं आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोल्हापुरात सर्किट बेंचही आहे. म्हणजे सोलापूरच्या सत्र न्यायालयात शिक्षा झालेला माणूस येरवड्यात असला, तरी त्याचं अपील कोल्हापूरला जाईल.

तिथे कुणी जायचीही गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३८३ होतं) कैद्याने अपिलाचा अर्ज आणि निकालाची प्रत तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती द्यायची; योग्य त्या कोर्टाकडे पाठवणं हे त्या अधिकाऱ्याचं काम. यालाच जेल अपील म्हणतात. वकिलाचंही तसंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

हा हक्क ठाशीवपणे सांगितला गेला तोही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तुरुंगाकडे पाठवली होती असं सरकारचं म्हणणं, आपल्याला ती मिळालीच नाही असं कैद्याचं. ती त्याच्या हाती दिल्याची सहीची पोच नव्हती. सर्वोच्च न्यायालयात यायला चार वर्षांहून अधिक उशीर झाला, तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. होसकोट हरले. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं की निकालाची प्रत कैद्याला मोफत आणि वेळेत द्या, तुरुंगाने तिची लेखी पोच घ्यावी, आणि ऐपत नसेल त्याला सरकारी खर्चाने वकील मिळावा. एका कागदाअभावी माणसाची चार वर्षं जातात, हे वाचताना आजही पोटात तुटतं.

मुदतीचं थोडक्यात. उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस असतात, सत्र न्यायालयात ३०. फाशी झाली असेल तर उच्च न्यायालयातही ३०. उशिराचं सबळ कारण असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो.

राहिली शिक्षा वाढण्याची भीती. कैद्याने शिक्षेविरुद्ध केलेल्या अपिलात ती वाढवता येत नाही. होसकोट यांची वाढली होती, पण ती सरकारने केलेल्या वेगळ्या अपिलावर. सरकार असं अपील करू शकतं, कैदी गप्प बसला तरीही.

म्हणून तुरुंगात कैद्याच्या पुढच्या भेटीला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: निकालाची प्रत हातात आली का, आणि अर्ज दिला असेल तर तो कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने कोर्टाकडे गेला. अर्ज दिलाच नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा.