बर्क आणि हेअरने एकही कबर उकरली नव्हती

जुन्या भयपटांवर गप्पा रंगल्या की एक मजकूर हमखास कुणीतरी पुढे ढकलतो. त्याचा सारांश असा : १९६० साली हॅमर या भयपटांसाठी प्रसिद्ध ब्रिटिश कंपनीने काढलेला ‘द फ्लेश अँड द फीन्ड्स’ ही शंभर टक्के सत्यकथा आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातले बर्क आणि हेअर हे दोन कबरचोर रात्री थडगी उकरून शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. नॉक्सला प्रेते विकत. डॉक्टर बिचारा विज्ञानवेडा, त्याला काहीच ठाऊक नव्हते आणि चौकशीत तो निर्दोष ठरला. पोलिसांनी छडा लावला, एकाला फाशी झाली, दुसऱ्याचे डोळे जमावाने जाळले. मग १८३२ साली कायदा आला आणि प्रेतांचा बाजार कायमचा बंद झाला.

यात खरे किती? शहराचे नाव, माणसांची नावे आणि फाशी. बाकीच्या चुका किरकोळ म्हणून सोडूनही दिल्या असत्या, पण त्या सगळ्या एकाच बाजूला कलतात. जिवंत गरिबांच्या खुनांची ही गोष्ट हळूहळू मेलेल्यांच्या चोरीची गोष्ट होत जाते, आणि पैसे मोजणारा माणूस चौकटीबाहेर सरकतो. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

‘हॅमरचा चित्रपट’ हा सगळ्यात निरुपद्रवी दावा, तो आधी संपवू. यात डॉ. नॉक्स झालेल्या पीटर कशिंगने १९५७ मध्ये हॅमरसाठी फ्रँकेनस्टाइन केला, पुढच्याच वर्षी ड्रॅक्युलाच्या मागावरचा व्हॅन हेल्सिंग केला. त्यामुळे तो कृष्णधवल पडद्यावर लांब कोट घालून दिसला की लोकांना हॅमर आठवते. हा चित्रपट मात्र रॉबर्ट बेकर आणि मॉन्टी बर्मन या निर्मात्यांचा. दिग्दर्शक जॉन गिलिंग पुढे हॅमरकडे गेला, गोंधळ कदाचित त्यामुळेही होत असेल.

‘शंभर टक्के सत्यकथा’ हा दावा फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हवेतून आणलेला नाही. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पडद्यावर मजकूर येतो, त्यात हे सगळे खरे आहे असे ठणकावून सांगितले आहे. गिलिंगची त्यामागची खुमखुमी समजण्यासारखी आहे. त्याने याच प्रकरणावर आधी एक पटकथा लिहिली होती, ‘द ग्रीड ऑफ विल्यम हार्ट’, १९४८ची. तेव्हा सेन्सॉरने खरी नावे वापरू दिली नाहीत आणि तयार चित्रपटातली नावे आवाज बदलून झाकावी लागली. बारा वर्षांनी खरी नावे घ्यायची मुभा मिळाल्यावर त्याने ती मिरवली. पण नावे खरी असली म्हणून प्रसंग खरे होत नाहीत. बिली व्हाइटलॉने रंगवलेल्या मेरी पॅटरसनवर जीव टाकणारा, तिचा मृतदेह नॉक्सच्या शाळेत पाहून हादरणारा विद्यार्थी ख्रिस जॅक्सन हे पात्र काल्पनिक आहे. मेरी पॅटरसन मात्र खरी. एप्रिल १८२८ मध्ये तिचा खून झाला आणि नॉक्सने तिचा देह तीन महिने व्हिस्कीत ठेवून जतन केला. हा तपशील कुठल्याही पटकथाकाराच्या कल्पनेपेक्षा भयंकर आहे, आणि नेमका तो फॉरवर्डमध्ये नाही.

आता मुख्य मुद्दा, कबरचोरीचा.

बर्क आणि हेअरने कबर उकरल्याचा पुरावा नाही. फाशीआधीच्या कबुलीजबाबात बर्कने ते स्पष्ट नाकारले आहे. सोळा खून कबूल करून बसलेल्या, गळ्यात दोर पडायची वाट पाहणाऱ्या माणसाला कबरचोरी लपवून काय मिळणार होते? दोघेही आयर्लंडहून आलेले, कालव्याच्या खोदकामावर राबलेले मजूर. वेस्ट पोर्ट भागातल्या टॅनर्स क्लोज या गल्लीत हेअर आणि त्याची बायको भाडेकरूंसाठी खानावळवजा घर चालवत. नोव्हेंबर १८२७ मध्ये तिथला डोनाल्ड नावाचा म्हातारा पेन्शनर सैनिक आजाराने मेला. त्याच्याकडे चार पौंड भाडे थकले होते. शवपेटीत झाडाची साल भरून ती पुरायला पाठवली आणि डोनाल्डला सर्जन्स स्क्वेअरमधल्या नॉक्सच्या शाळेत विकले. मिळाले सात पौंड दहा शिलिंग. थकबाकी फिटली, वर नफा झाला. मग पुढचा म्हातारा आपोआप मरायची वाट कशाला पाहायची, हा विचार सुचायला फार दिवस लागले नाहीत.

कबरी फोडणाऱ्या टोळ्या त्या काळात होत्याच. त्यांना भिऊन स्कॉटलंडमध्ये लोक कबरींवर लोखंडी पिंजरे बसवत, एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स कबरस्तानात ते आजही दिसतात. सेंट कथबर्ट्स चर्चच्या आवारात राखणदारांसाठी बांधलेला १८२७ चा मनोराही उभा आहे. म्हणजे कबरचोरी जोखमीची आणि कष्टाची झाली होती. बर्क-हेअरनी तो सगळाच खटाटोप टाळला. दारू पाजायची, नाक-तोंड दाबायचे, एकाने छातीवर भार द्यायचा, आणि पेटीत घालून माल पोचवायचा. हिवाळ्यात दहा पौंड, उन्हाळ्यात आठ. शेवटचा मृतदेह तर हमालाकरवी चहाच्या खोक्यातून गेला, पाच पौंड लगेच मिळाले आणि उरलेले सोमवारी न्यायला सांगितले. वाण्याच्या उधारीसारखा हा हिशेब.

गंमत अशी की या बाबतीत चित्रपट फॉरवर्डपेक्षा प्रामाणिक आहे. त्यात कबरी फोडणारे दिसतात ते वेगळे लोक. जॉर्ज रोझचा बर्क आणि डोनाल्ड प्लेझन्सचा हेअर हे पहिल्यापासून खुनीच आहेत, आणि प्लेझन्सने तो हेअर असा काही चोरटा, लाडिक, किळसवाणा रंगवला आहे की तेवढ्यासाठी चित्रपट पुन्हा पाहावा. तो पाहूनही कुणी ‘कबरचोर’ लिहीत असेल तर त्याने बहुधा पोस्टरच पाहिले असावे.

कबरचोर म्हटल्याने बळी गायब होतात, हा यातला खरा तोटा. ॲबिगेल सिम्पसन, मीठ विकून आणि पेन्शनवर जगणारी. एफी, कचऱ्यातून निखारे आणि चामड्याचे तुकडे वेचणारी, बर्क चांभारकाम करायचा म्हणून त्याच्या ओळखीची. मिसेस ऑस्लर, धुणी धुणारी. एक आजी आणि तिचा नातू. आणि जेम्स विल्सन, अठरा वर्षांचा, अनवाणी फिरणारा, साऱ्या शहराला ‘डॅफ्ट जेमी’ म्हणून ठाऊक असलेला भोळा मुलगा. यांतल्या कुणाचीही कबर कधी खोदली गेलीच नाही, उकरायची कुठून?

‘डॉक्टरला काहीच ठाऊक नव्हते, तो निर्दोष ठरला.’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र चिकटवल्या आहेत.

नॉक्सच्या बाजूने जे आहे ते आधी मांडू. बर्कनेच सांगितले की डॉक्टरने खुनाला कधी चिथावणी दिली नाही. गुदमरवण्याच्या या पद्धतीने अंगावर खुणाही फार उरत नसत. शेवटच्या बळीचा देह एडिंबराचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी तपासला, आणि मृत्यू हिंसेनेच झाला असे त्यांनाही छातीठोकपणे सांगता आले नाही. सरकारला हेअरला माफीचा साक्षीदार करावे लागले ते यामुळेच.

पण निर्दोष ठरला तो कुठे? कोर्टात नाही, त्याच्यावर खटलाच चालला नाही. एका खासगी समितीने चौकशी केली, १८२९ च्या मार्चमध्ये अहवाल दिला, आणि खुनांची माहिती असल्याचा पुरावा नाही असे म्हणतानाच देह स्वीकारण्याच्या बेफिकीर पद्धतीवर बोटही ठेवले. फॉरवर्डमध्ये या अहवालाचा फक्त अर्धा भाग येतो.

बर्कच्या कबुलीजबाबात एक वाक्य आहे : ॲबिगेल सिम्पसनचा देह इतका ताजा पाहून नॉक्सला बरे वाटले, पण त्याने प्रश्न विचारला नाही. ब्रिटनमधला सर्वांत मोठा शरीरशास्त्राचा वर्ग, पाचशेच्या वर विद्यार्थी, असल्या माणसाला मातीत न गेलेला देह ओळखता येत नव्हता असे कोण म्हणेल? जेमीला तर विद्यार्थ्यांनी ओळखले. नॉक्सने तो जेमी नव्हेच असे ठामपणे म्हटले, आणि मुलगा हरवल्याची बातमी पसरल्यावर त्याच देहाचे विच्छेदन घाईने उरकले गेले, डोके आणि पाय आधी वेगळे करून.

‘त्या काळात सगळेच असे करत, कोण विचारणार?’ असे नॉक्सची बाजू घेणारे म्हणतात. विचारणारे होते. नोव्हेंबर १८३१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात जॉन बिशपच्या टोळीने एका मुलाचा देह विकायला आणला. तो फारच ताजा आणि संशयास्पद वाटला म्हणून तिथल्या रिचर्ड पार्ट्रिज या शिक्षकाने पन्नास पौंडांची नोट मोडून आणतो असे सांगून त्यांना बसवून ठेवले आणि पोलिसांना बोलावले. बिशप आणि त्याचा साथीदार विल्यम्स डिसेंबरमध्ये फासावर गेले. बर्क प्रकरणानंतरची ही गोष्ट, त्यामुळे लोक सावध झाले होते हे मान्य. तरी पार्ट्रिजकडे कुठलेही नवे उपकरण किंवा नवी विद्या नव्हती. त्याने देहाकडे पाहिले आणि विचारायचे ठरवले, एवढेच.

चित्रपट इथे सगळ्यात जास्त घसरतो, आणि कशिंग उत्तम नट असल्यामुळे ते लक्षात येत नाही. त्याचा नॉक्स उद्धट आहे, पण शेवटी एका लहान मुलीच्या तोंडून ‘तुम्ही मला डॉ. नॉक्सला विकाल’ ही भीती ऐकून तो आतून हलतो, वैद्यक मंडळापुढे सुटतो, परत येतो तर वर्ग खचाखच भरलेला आणि टाळ्यांचा कडकडाट. प्रत्यक्षात जमावाने फेब्रुवारी १८२९ मध्ये त्याच्या न्यूइंग्टनच्या घरापुढे त्याचा पुतळा जाळला, काही वर्षांत वर्ग रोडावला, आणि १८४२ मध्ये तो लंडनला गेला. पश्चात्ताप जाहीरपणे कधी व्यक्त केला नाही. १८५० मध्ये ‘द रेसेस ऑफ मेन’ हे पुस्तक लिहून माणसांची वंशांनुसार उतरंड लावली, ते आज वाचवत नाही. १८६२ मध्ये हॅकनीत वारला. त्याच्या शाळेत हे देह ताब्यात घेणाऱ्या मदतनिसांपैकी विल्यम फर्ग्युसन पुढे ‘सर’ झाला, राणी व्हिक्टोरियाचा शल्यविशारद झाला.

‘पोलिसांनी छडा लावला’ हेही चूक. छडा लावला ॲन आणि जेम्स ग्रे या भाडेकरू जोडप्याने. १ नोव्हेंबर १८२८ ला बर्कच्या घरी गवताखाली त्यांना मार्गारेट डॉकर्टीचा देह सापडला. गप्प बसण्यासाठी बर्कच्या सोबतिणीने, हेलन मॅकडूगलने, त्यांना आठवड्याला दहा पौंड मिळतील असे आमिष दाखवले. त्या काळच्या मजुराला ही रक्कम स्वप्नातही दिसत नसे. त्यांनी ती नाकारली आणि पोलिसांकडे गेले. पोलिसांचे काम त्यानंतर सुरू झाले.

हेअरचे डोळे? तो चित्रपटातला मशालीचा प्रसंग आहे. माफीचा साक्षीदार असल्याने हेअरला हात लावता येत नव्हता. जेमीच्या आईने आणि बहिणीने खासगी खटल्याचा प्रयत्न केला, तोही न्यायालयाने फेटाळला. फेब्रुवारी १८२९ मध्ये त्याला गुपचूप दक्षिणेकडे पाठवले, डमफ्रीझला लोकांनी ओळखले, मोठा जमाव जमला, पोलिसांनी रात्री कसेबसे बाहेर काढले, आणि कार्लाइलजवळ शेवटचा दिसल्यावर त्याचा माग संपतो. जमावाने चुन्याच्या खड्ड्यात फेकल्याने आंधळा होऊन लंडनमध्ये भीक मागत होता ही दंतकथा लोकांनी स्वतःच्या समाधानासाठी रचलेली दिसते. हेलन मॅकडूगलही ‘आरोप सिद्ध झाला नाही’ या खास स्कॉटिश निकालावर सुटली. सोळा खुनांसाठी फासावर गेला तो एकटा बर्क, २८ जानेवारी १८२९ ला. त्याचे विच्छेदन जाहीरपणे झाले, सांगाडा एडिंबराच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे आहे. आणि त्याच्या कातडीचे पाकीट सर्जन्स हॉल संग्रहालयात आहे, हे मात्र खरे. थाप वाटावी अशी ही एकच खरी गोष्ट फॉरवर्डवाल्याला मजकुरात घालता आली असती, ती त्याने घातली नाही.

राहिला कायदा. बर्कनंतर लगेच आणलेले विधेयक १८२९ मध्ये बारगळले. लंडनचे बिशप-विल्यम्स प्रकरण झाल्यावर १८३२ मध्ये ॲनाटॉमी ॲक्ट मंजूर झाला. कबरी फोडण्याचा धंदा त्याने हळूहळू मोडला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण देह यायचे कुठून, या प्रश्नाचे त्याचे उत्तर होते निराधारांना आसऱ्याच्या बदल्यात राबवणारी वर्कहाउसे आणि गरिबांची इस्पितळे. ज्याला न्यायला कुणी येत नाही त्याचा देह विच्छेदनाच्या टेबलावर. त्याआधी विच्छेदन ही खुन्याला दिलेली जादा शिक्षा होती. कायद्याने खुन्यांची त्यातून सुटका केली आणि तेच टेबल बेवारस गरिबाच्या वाट्याला आले. कबरी फोडणे थांबत गेले, पण देह पूर्वीच्याच वस्त्यांतून येत राहिले.

हे आपल्यापासून लांबचे नाही. १९४९ चा बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्ट, आजचा महाराष्ट्र ॲनाटॉमी ॲक्ट, याच विचारावर उभा आहे : ठरावीक मुदतीत जवळच्या नातेवाइकाने ताब्यात न घेतलेला मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देता येतो. स्वतःहून देहदान करणाऱ्यांची वाट त्याच कायद्यात पुढे मोकळी झाली. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला मुले टेबलाभोवती उभी राहतात तेव्हा समोर कुणी फॉर्म भरून दिलेला देह असतो, किंवा ज्याच्यासाठी कुणी आले नाही असा.