चिकटवलेले टॅपेट

टू-स्ट्रोक इंजिनाला बाहेरून टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडमीट करणाऱ्या, सळ्या चिकटवल्यात. परत वाचा. टू-स्ट्रोकला. ज्याला व्हॉल्व्हच नसतात, त्याला. काल दुपारपासून डोकं तापलंय ते उतरायला तयार नाही. रात्री जेवण गेलं नाही. म्हणून सकाळी उठून हे लिहायला बसलोय.

अण्णांची बावीस इंची काळी सायकल आहे. सळीचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे जड कॅरिअर. तीन वर्षं तिला शोभेल असं, सायकलीला जोडायचं पेट्रोलचं इंजिन शोधतोय. अस्सल जुनंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. अस्सलच्या किमती मला माहीत आहेत आणि त्या माझ्या खिशाच्या बाहेर आहेत. नवं चालेल, नक्कल चालेल, पण बघितल्यावर जुन्या घडणीचं वाटलं पाहिजे. पितळी कार्ब्युरेटर, बाहेर दिसणारं फ्लायव्हील, वरखाली होणारे टॅपेट, पितळी पेट्रोलकॉक. एवढंच मागणं आहे. चंद्र नाही मागितला कुणाकडे.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘अँटिक लुक, फोर-स्ट्रोक, 80 सीसी, लायसन नको’. फोटो आठ होते. आठही फोटो मी मोठे करून करून बघितले. फोन केला आणि स्पष्ट विचारलं, टॅपेटच्या सळ्या बाहेर आहेत का? "आहेत सर." हलतात का? "सर, इंजिन चालू केल्यावर सगळंच हलतं." त्या वेळीच मी फोन ठेवायला पाहिजे होता. नाही ठेवला. 23,500 रुपये आगाऊ भरले आणि पाच आठवडे वाट बघितली.

काल पार्सल आलं. घरी न उघडता थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींकडे घेऊन गेलो, कारण हे इंजिन पहिल्यांदा बघायचा मान त्यांचा होता. खोका फोडला, थर्माकोल बाजूला केला. वरून सोनेरी. मिस्त्रींनी चष्मा नाकावर ओढला, हातातल्या फडक्याला थोडं पेट्रोल लावलं आणि सिलिंडरच्या फिनवरून, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांवरून, एकदा फिरवलं. फडकं सोनेरी झालं. फिन पांढरी पडली. पितळेचा रंग! कार्ब्युरेटरवर तोच रंग, नटांवर तोच, आणि घाईत मारलेला म्हणून स्पार्क प्लगच्या चिनीमातीवरसुद्धा शिंतोडे. बाजूला एक पाटी, तिच्यावर ‘1948’. मी नख लावलं तर पाटी उचकटली. मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप.

आणि मग त्या दोन सळ्या. सिलिंडरच्या उजव्या अंगाला, खालच्या केसिंगपासून हेडपर्यंत, सरळ उभ्या. मिस्त्रींनी बोटाने एक हलवून बघितली. हलली नाही. त्यांनी खालून बघितलं, वरून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "हे काय वो? हे कशाला लावलंय?" ब्लेड घेतलं आणि सळीच्या बुडाशी सरकवलं. कट्ट करून सळी हातात आली. खाली अरल्डाइटचा पिवळा गोळा, त्यात कुणाच्या तरी बोटाचा ठसा. म्हणजे कुणीतरी बसून, हाताने, गोंद लावून, सुकेपर्यंत धरून ठेवून ही फसवणूक केलीय. कारखान्यातली चूक नाही ही. विचार करून केलंय.

पुढचं मिस्त्रींनीच केलं, मला सुचत नव्हतं. हेडचे चार नट काढले, व्हर्निअर लावला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 47 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 38. हिशेब करा, 66 सीसी भरतात. ही चिनी किटची जुनी कहाणी आहे, 66 चं इंजिन जगभर 80 म्हणून खपवतात. तेच हे. फोर-स्ट्रोक नाही, 80 नाही, अँटिक नाही. बाजारात साध्या चंदेरी रूपात मिळतं तेच, फक्त रंग फासलेलं आणि सळ्या चिकटवलेलं.

सोबत मागच्या चाकाचं स्प्रॉकेट होतं. नऊ बोल्टांचं. रबराच्या चकत्यांमध्ये चाकाच्या तारा दाबून धरायच्या, अशी त्याची पद्धत. नऊ चोक छत्तीस, म्हणजे ते छत्तीस तारांच्या चाकासाठी केलेलं. आपल्या काळ्या सायकलीला पुढे बत्तीस आणि मागे चाळीस तारा, लहान पोरालाही मोजता येतील. मी फोनवर सायकल कोणती ते सांगितलं होतं. तारा किती तेही सांगितलं होतं. "बसतं सर, सगळ्याला बसतं." कसं बसतं? दोन बोल्ट नीट जातात, तिसरा तारेवर येऊन टेकतो. जोर लावून आवळलं तर तारा वाकतात, चाक डगमगतं, आणि उतारावर चेन अडकून माणूस तोंडावर आपटतो. दात माझे पडणार आहेत, त्याचे नाही.

तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. तो काय म्हणाला ते शब्दशः देतो. "सर, अँटिक लुक म्हणजे लुकच असतो ना. चालण्यासाठी नसतं ते." मी विचारलं, मग सळ्या कशासाठी? "शोसाठी सर. लोकांना आवडतं."

लोकांना आवडतं! अहो, लोकांना ते आवडतं कारण ते काम करत होतं. इटलीतल्या डुकाटीच्या 1946 च्या पहिल्या कुच्चोलोचे, म्हणजे सायकलीला जोडायच्या इंजिनाचे, टॅपेट उघडे होते. 48 सीसीचं एवढंसं इंजिन, सायकल चालवताना खाली बघितलं की सळ्या व्हॉल्व्ह ओढताना डोळ्यांना दिसायच्या. नटवायला म्हणून नव्हत्या त्या. रेडिओ बनवणारा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेला, देशात पेट्रोलची टंचाई, लोकांकडे सायकलीशिवाय काही नाही, अशा दिवसांत केलेलं इंजिन होतं ते. त्याच वर्षी जपानात सोइचिरो होंडांनी हमामात्सूला लष्कराच्या रेडिओसेटच्या जनरेटरची उरलेली इंजिनं सायकलींना लावायला घेतली, आणि पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून शेकायची गरम पाण्याची बाटली बांधली. अमेरिकेतलं 1939 चं व्हिझर घ्या, 138 सीसी, मागच्या चाकाला रोलर लावून चालणारं. फ्रान्समधली सोलेक्स घ्या, इंजिन पुढच्या चाकावर, रोलर थेट टायरला घासून चाक फिरवणारा. यातल्या एकाही माणसाने ‘लुक’साठी काही केलेलं नाही. फिन मोठ्या, कारण इंजिन तापतं. फ्लायव्हील बाहेर, कारण आत जागा नाही. त्यातून जे रूप आलं त्यावर आम्ही जीव टाकतो. आणि हा माणूस त्याच रूपाचा पुतळा करून, गोंदाने चिकटवून, 23,500 ला विकतो.

या एका शब्दाने माझं आयुष्य नासवलंय, व्हिंटेज. पुण्याच्या जुन्या बाजारात गेल्या पावसाळ्यात मला एक खरं सापडलं होतं. गंजलेलं, जाम झालेलं, पण ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोसकट आणि पितळी कार्ब्युरेटरसकट पूर्ण. पैसे कमी पडले. "पुढच्या रविवारी या, ठेवतो बाजूला." कोल्हापूरहून पहाटेची एसटी धरून पुढच्या रविवारी गेलो. कार्ब्युरेटर एकाला विकलेला, मॅग्नेटो दुसऱ्याला. उरलेलं धूड समोर ठेवून म्हणतो, "हे घ्या, किलोच्या भावात देतो." पन्नास-साठ वर्षं एकत्र राहिलेलं इंजिन सात दिवसांत फोडून टाकलं. मी तिथे बोललो नाही, कारण बोललो असतो तर हात उचलला गेला असता.

आणि ती कॅफेवाली मंडळी! एका ठिकाणी भिंतीवर अख्खं मोपेडचं इंजिन टांगलेलं बघितलं, वर वॉर्निशचा थर, शेजारी पिवळा दिवा. चालणारं होतं का, विचारलं. "हो, आणलं तेव्हा चालत होतं, मग ऑईल गळायचं म्हणून आतलं काढून टाकलं." आतलं काढून टाकलं! पिस्टन, क्रँक, सगळं भंगारात घातलं आणि वरचं टरफल लोकांनी सेल्फी काढावेत म्हणून ठेवलं. मी कॉफी अर्धी टाकून उठलो.

‘लायसन नको’ याचाही मला भयंकर राग आहे. मोटार वाहन कायद्यातून सूट आहे ती चारपेक्षा कमी चाकांच्या आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनाला. हे 66 आहे. मी ती सायकल आमच्या मळ्यातल्या वाटेवर, घरापासून विहिरीपर्यंतच चालवणार होतो, म्हणून मला फरक पडत नव्हता. पण ती जाहिरात वाचून कॉलेजातलं पोरगं हे लावून भर रस्त्यावर निघेल, त्याचं काय? त्याला कुणी धडकलं तर नोंदणी नाही, विमा नाही. हा विकणारा फोन उचलेल तेव्हा?

आणि कृपा करून मला कुणी ‘इलेक्ट्रिक किट बसव की’ असं सांगू नका. बहिणीचा मुलगा सांगतो, शेजारी सांगतात, पेट्रोलपंपावरचा पोरगाही सांगतो. मला पोचायचं नाहीये कुठे. मला अण्णांच्या सायकलीतून आवाज ऐकायचाय. ते ही सायकल हाणत तीस वर्षं गिरणीवर गेले. गिरणीतलं ऑईल इंजिन सुरू करताना फ्लायव्हीलला हँडल मारायचे, आणि पहिला ठोका पडला की मान वर करून धुराड्याकडे बघायचे. तो ठोका मला पाहिजे.

संताप सगळ्यात जास्त कशाचा येतो सांगू? मी राहतो कोल्हापुरात. इथल्या उद्यमनगरात लोकांनी ऑईल इंजिनं ओतली, घडवली, शेतोशेती पोचवली. आजही फाउंड्रीत तुम्ही पॅटर्न नेऊन द्या, कास्टिंग मिळतं. त्या गावात बसून मला गोंदाने चिकटवलेल्या सळ्या विकत घ्याव्या लागतात. मिस्त्री म्हणाले, "सिलिंडर ओतून दिला असता वो, पण एका नगासाठी क्रँक कोण करणार?" त्यांचं खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच जास्त लागलं.

नंतर त्यांनी विचारलं, सोनेरी सगळं काढून काळं मारू का, तेवढंच बरं दिसेल. मी नको म्हणालो. अण्णांच्या सायकलीला हे लागणार नाही. हेड परत बसवलं, दोन्ही सळ्या आणि ती पाटी एका पिशवीत घातली, पिशवी खोक्यात टाकली. उद्या पार्सल परत जाईल. परतीचं भाडं तुम्हाला भरावं लागेल असं त्याने सांगितलंय. एक रुपया भरणार नाही. व्हर्निअर लावलेला फोटो आहे, गोंदाचा फोटो आहे, फोनवर झालेलं बोलणं मी लिहून ठेवलंय, आणि ग्राहक आयोगात तक्रार कशी करतात ते मी काल रात्री जागून वाचलंय.