थेरपिस्टनं कुणाशी बोलायचं?

थेरपिस्ट थकला की सल्ले ठरलेले: योगा करा, सुट्टी घ्या, पचमढीला जाऊन या. जरूर जावं. पण या कामात माणसं वीस-पंचवीस वर्षं टिकतात ती सुपरव्हिजनमुळे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याहून अनुभवी थेरपिस्टसमोर नियमित बसायचं, ओळख पुसून केस मांडायची आणि ती ऐकताना आपल्या आत काय होतं तेही सांगायचं.

बर्नआउट, म्हणजे कामानं आतून रिकामं होणं, गाजावाजा करत येत नाही. समोरची व्यक्ती बोलत असते आणि तिचं पुढचं वाक्य आपल्याला आधीच ठाऊक आहे असं वाटू लागतं. नोट्स दोन ओळींवर येतात. अपॉइंटमेंट रद्द झाली की हायसं वाटतं. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाख यांच्या १९८१च्या प्रश्नावलीत याची तीन अंगं आहेत: भावनिक थकवा, माणसांबद्दल कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. मला सगळ्यात भीती कोरडेपणाची वाटते, कारण आपण त्यालाच अनुभव समजून बसतो.

त्यात आपलं इंदूर! सकाळी जी सासूबद्दल रडली, ती संध्याकाळी ‘सानंद’ या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला सासूसोबतच दिसते. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगते, बाहेर दिसलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. घरीही काही बोलता येत नाही. रामबागेसारख्या मराठी वस्तीत दोन वाक्यांत कळतं, कुणाची सून ते. माझ्या सुपरव्हायझर पुण्याच्या आहेत, त्या यासाठीच.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात केरळात लाखामागे १.२ मनोविकारतज्ज्ञ होते, मध्य प्रदेशात ०.०५. म्हणजे वीस लाखांमागे एक! अशा राज्यात ‘नाही’ म्हणणं फार जड जातं. भंवरकुआंला कोचिंगसाठी राहणाऱ्या मुलाचे वडील गावाहून फोन करतात, “मॅडम, आजच बघा.” तरीही आत्महत्येचे विचार असलेल्या केसेस एका आठवड्यात किती घ्यायच्या, याची मर्यादा मी मोडत नाही. त्यापुढच्या लगेच सहकाऱ्यांकडे पाठवते आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर प्रत्येकाला देते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून आहे. मग शाळा-हॉस्पिटलांनी समुपदेशकांना एकामागून एक सेशन्स लावून वर ‘स्वतःची काळजी घ्या’ का म्हणावं? सुपरव्हिजनची फी संस्थेनं भरावी, तो तास ड्युटीत धरावा.

इंदूर-देवास-उज्जैनकडे नव्यानं काम सुरू केलेल्यांना सुपरव्हायझर शोधायचा असेल, तर इनबॉक्स करा. मी मदत करेन.